आठवा आलेला मुलगा

आधी एक गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. एक मैल म्हणजे १६०९ मीटर. तो चार मिनिटांच्या आत पळायचा तर वेग पडतो ताशी २४ किलोमीटरच्या थोडा वर. आमच्या सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलचा आकडा १६ च्या पुढे जातच नाही आणि त्या १६ वर मी जेमतेम मिनिटभर टिकतो. मग ते लाल बटण. सकाळी साडेनऊला हिंजवडीच्या रस्त्यावर आमची हापिसची बससुद्धा २४ ने जात नाही, पण तो विषय वेगळा.

६ मे १९५४ ला इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरने ऑक्सफर्डला हे पहिल्यांदा करून दाखवलं. ३ मिनिटं ५९.४ सेकंद. बॅनिस्टरची गोष्ट तुम्ही निदान तीनदा तरी ऐकली असणार. एकदा शाळेत, एकदा इंडक्शनच्या पहिल्या दिवशी आणि एकदा कंपनीच्या ऑफसाइटला कुणीतरी माइक हातात घेऊन सांगितलेली. म्हणून आज बॅनिस्टर नाही. आज त्याच्यानंतर दहा वर्षांनी कॅलिफोर्नियात काँप्टनला झालेल्या एका शर्यतीची गोष्ट, आणि त्या शर्यतीत आठव्या आलेल्या मुलाची.

हो, आठव्या.

तारीख ५ जून १९६४. पहिला आला डायरोल बर्लसन, ३:५७.४. दुसरा आर्ची सॅन रोमानी. असं करत करत आठव्या नंबरावर एक उंच, हडकुळा पोरगा. नाव जिम रायन. वय १७ वर्षं आणि ३७ दिवस. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात ईस्ट हायस्कूलमध्ये अकरावीला. वेळ ३:५९.०. म्हणजे आठवा आला तरी बॅनिस्टरपेक्षा चार दशांश सेकंदांनी पुढेच! एकाच शर्यतीत आठ जण चार मिनिटांच्या आत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने चार मिनिटांच्या आत मैल पळणं, हेही कधीच झालं नव्हतं.

आता ही माहिती माझ्यासारख्या, शाळेत पीटीच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी नेणाऱ्या माणसाला कशी, असं विचाराल. तर २०१२ साली मी ऑनसाइट होतो, कॅन्सस सिटीजवळ. मराठी मंडळींना हा भाग चांगला माहीत आहे. तिथे गणपतीही बसतात आणि पॉटलकला साबुदाण्याची खिचडीही असते. आमच्या क्लायंटकडे एक मेनफ्रेमवाले आजोबा होते. आजोबा आपलं मी म्हणायचो, मनातल्या मनात. पासष्टीचे, कोबॉलचे तज्ज्ञ, रिटायरमेंट तीनदा पुढे ढकललेली. एकदा रात्रीचा बॅच जॉब चार तासांऐवजी साडेतीन तासांत आणला म्हणून मी जरा हवेत होतो, तर म्हणाले, "आता पुढचा अर्धा तास कमी करून दाखव, मग बोलू." आणि वर जिम रायनचं नाव घेतलं. ते स्वतः तेव्हा कॅन्ससमध्येच शाळेत होते, रायनच्याच वयाचे. त्यांच्याकडून निम्मी गोष्ट कळली, उरलेली मी त्या थंडीत लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. बाहेर बर्फ, आत मी आणि १९६४ साल.

तर हा जिम रायन. जन्म २९ एप्रिल १९४७. विचिटा म्हणजे विमानं बनवणारं गाव. सेसना तिथली, बीचक्राफ्ट तिथली, बोइंगचा मोठा कारखाना तिथे. लहानपणी गोवर आला आणि त्यात त्याच्या कानांवर परिणाम झाला, ऐकू बरंच कमी येऊ लागलं. वर्गात मागे बसलं की निम्मं कळायचं नाही, चारचौघांत बोलायची चोरी. चष्मा, लांब हातपाय, बुजरा स्वभाव. अमेरिकन शाळेत अशा मुलाला एकच मार्ग असतो, तो म्हणजे कुठल्यातरी खेळाच्या संघात शिरायचं. शाळेच्या संघातून खेळलं की शाळेचं अक्षर लावलेलं जाकीट मिळतं. ते जाकीट म्हणजे आपल्याकडे एकेकाळी ऑनसाइटहून आलेल्याच्या पाठीवरची लॅपटॉप बॅग असायची ना, तसं. न सांगता सगळं सांगणारं.

तर जिमने सगळीकडे नाव दिलं. चर्चच्या बेसबॉल संघातून काढलं. शाळेच्या बास्केटबॉल संघात घेतलं नाही. ट्रॅकच्या संघासाठी गेला, तिथेही नाही! लक्षात घ्या, ज्याने पुढे जगातला सगळ्यात वेगवान मैल पळला त्याला शाळेच्या पळण्याच्या संघात घेतलं नव्हतं. आणि यात निवडणाऱ्यांचा तसा काही दोष नव्हता. ते छोट्या अंतराची शर्यत घेत होते आणि त्यात तो खरंच मागे पडत होता. चाचणी बरोबरच होती, फक्त दुसऱ्याच गोष्टीची होती. तो स्वतः पुढे सांगायचा की रात्री झोपताना देवाला म्हणायचो, माझ्यासाठी काही योजना असेल तर लवकर दाखव, आणि तिच्यात खेळ असेल तर बरं होईल.

१९६२ च्या सप्टेंबरमध्ये तो ईस्ट हायस्कूलला दहावीत आला आणि क्रॉसकंट्रीला नाव दिलं. क्रॉसकंट्री म्हणजे मैदानं, टेकड्या, गवत यांतून लांब पळायचं. तिथे जास्त पोरं येत नाहीत, त्यामुळे हाकलून देण्याची शक्यता कमी. सुरुवातीच्या चाचणीत त्याने मैल पळला ५ मिनिटं ३८ सेकंदांत. वाईट नाही, पण कुणी मान वळवून बघावं असंही नाही. संघात कशीबशी, तळाला जागा मिळाली.

आणि तिथे त्याला बॉब टिमन्स भेटले.

टिमन्स हा ईस्ट हायस्कूलचा कोच. गंमत म्हणजे हा माणूस पळण्याबरोबर पोहणंही शिकवायचा. पोहणारी पोरं रोज किती अंतर पाण्यात घालवतात, परत परत तीच लांबी कशी मारतात, हे त्याने बघितलं होतं. शरीर एवढं सोसू शकतं तर जमिनीवर का नाही, असा त्याचा साधा सवाल. त्या काळी शाळेच्या पोरांना इतकं पळवणं म्हणजे लोकांना अघोरी वाटायचं. टिमन्सच्या पोरांना ४४० यार्डांची, म्हणजे मैलाच्या चौथ्या भागाची, एक फेरी पळायची, थोडं थांबायचं, परत पळायची... वीस वेळा. पुढे पुढे रायनने एका दिवसात अशा चाळीस फेऱ्या मारल्या. चाळीस! आणि ट्रॅक म्हणजे आत्ताचा मऊ रबरी नव्हे, कोळशाच्या राखेचा.

आणखी एक संदर्भ इथे सांगायला हवा, नाहीतर टिमन्सच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळणार नाही. कॅन्सस म्हणजे गहू, सपाट रस्ते आणि वारा. पण मैल या शर्यतीचं तिथे काहीतरी विशेष आहे. १९३४ साली मैलाचा जागतिक विक्रम केला तो ग्लेन कनिंगहॅम कॅन्ससचा. लहानपणी शाळेत लागलेल्या आगीत त्याचे पाय भाजले होते. १९५० च्या दशकात चार मिनिटांच्या मागे जगात जे दोन-तीन जण लागले होते त्यातला वेस सँटी कॅन्ससचा. सँटी ४:००.५ पर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. अर्ध्या सेकंदाने! आधी बॅनिस्टरने बाजी मारली आणि मग १९५६ साली स्पर्धांना जाण्याच्या खर्चाचे पैसे जास्त घेतले म्हणून अमेरिकन संघटनेने त्याला हौशी खेळातून बाहेर काढलं. म्हणजे त्या राज्यात चार मिनिटं हा आकडा नुसता आकडा नव्हता, घरातली अर्धी राहिलेली गोष्ट होती. आणि काँप्टनला दुसरा आलेला जो आर्ची सॅन रोमानी, तोही ईस्ट हायस्कूलचाच, टिमन्सच्याच आधीच्या बॅचचा. तेव्हा टिमन्स हवेत बोलणारा माणूस नव्हता. चांगला शाळकरी धावपटू कसा दिसतो ते त्याने जवळून बघितलेलं होतं.

१९६३ चा वसंत. एका स्पर्धेहून शाळेची बस परत येत होती. टिमन्सनी या दहावीतल्या पोराला आपल्याजवळ बोलावून बसवलं आणि विचारलं, तू मैल किती वेगात पळू शकशील असं तुला वाटतं? पोराने भीतभीत, आत्ताच्या वेळेपेक्षा काही सेकंद कमी करून एक आकडा सांगितला. टिमन्स म्हणाले, नाही. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा शाळेतला पहिला मुलगा तू होशील.

रायनला हे काय चाललंय ते कळेना. त्याला जाकीट हवं होतं हो, फक्त जाकीट!

मी हा प्रसंग वाचला तेव्हा पहिली प्रतिक्रिया अगदी आपल्या पिढीची होती. झालं, आला मोटिव्हेशनवाला. कारण आपण सगळ्यांनी हे इतकं ऐकलंय. 'यू कॅन डू इट', 'स्काय इज द लिमिट', भिंतीवर गरुडाचं पोस्टर. पण टिमन्सचं वाक्य परत वाचा. त्यात एकही विशेषण नाही. तू हुशार आहेस, तू भारी आहेस, तुझ्यात आग आहे, असलं काही नाही. आकडा आहे. आणि आकड्याची एक अडचण असते, तो मोजता येतो. म्हणजे खोटा ठरू शकतो. 'तू ग्रेट आहेस' म्हणणारा माणूस कधीच खोटा पडत नाही, म्हणून तर सगळे तसं म्हणतात. 'तू चार मिनिटांच्या आत पळशील' म्हणणारा स्वतःलाही गुंतवून घेतो. दुसऱ्या दिवशी त्याला स्टॉपवॉच घेऊन राखेच्या ट्रॅकवर उभं राहावं लागतं. टिमन्स राहिले.

आता जरा आकडे मांडू (सवय जात नाही). सप्टेंबर १९६२ ला ५:३८. जून १९६३ ला ४:०७.८. म्हणजे नऊ महिन्यांत नव्वद सेकंद गेले. पुढच्या वर्षभरात किती गेले? ८.८ सेकंद. जून १९६४, काँप्टन, ३:५९.०. त्यापुढच्या वर्षभरात ३.७ सेकंद. ज्याने कधी एखादी हळू चालणारी क्वेरी दुरुस्त केली आहे त्याला हा आलेख ओळखीचा वाटेल. एक इंडेक्स टाकला की अर्धा वेळ वाचतो, मॅनेजर खूश, टीमला पिझ्झा. मग पुढच्या पाच टक्क्यांसाठी महिना जातो आणि कुणी विचारतही नाही. मेनफ्रेमवाल्या आजोबांचा टोमणा मला तेव्हा कळला. नव्वद सेकंद कमी केल्याचं कौतुक सगळे करतात. नंतरचे आठ सेकंद ज्याचे त्याला माहीत.

आणि ते नव्वद सेकंद जात असताना पाच मिनिटांच्या जागी चार दिसायला लागलेलं सगळ्या शाळेला दिसत होतं. पण टिमन्सनी बसमध्ये आकडा सांगितला तो हे पूर्ण व्हायच्या आधी. त्यांनी मुलगा कुठे उभा आहे ते बघितलं नाही, किती वेगाने सरकतोय ते बघितलं. माझ्या मते सगळी गोष्ट एवढीच आहे.

पुढचं भराभर सांगतो. काँप्टननंतर तीन महिन्यांनी, सप्टेंबर १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकची निवड. १५०० मीटरमध्ये पहिले तीन जाणार. शेवटच्या ढांगांमध्ये जिम ग्रेली या कसलेल्या खेळाडूला जेमतेम मागे टाकून रायन तिसरा. सतरा वर्षांचा मुलगा टोकियोला! तिथे सर्दी झाली आणि उपान्त्य फेरीत शेवटचा आला. बिली मिल्स नावाचा कॅन्सस विद्यापीठातून शिकलेला लाकोटा आदिवासी धावपटू त्याच टोकियोत १०,००० मीटरचं सुवर्ण जिंकून गेला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. आणि १५०० चं सुवर्ण घेतलं न्यूझीलंडच्या पीटर स्नेलने, ८०० चंही त्यानेच. रायन परत विचिटाला, बारावीच्या वर्गात.

टिमन्स तोपर्यंत कॅन्सस विद्यापीठात गेले होते. शाळेत नवे कोच होते, जे. डी. एडमिस्टन. १५ मे १९६५ ला राज्याच्या शालेय स्पर्धेत रायन ३:५८.३ पळला. ही शर्यत मला काँप्टनपेक्षा जास्त आवडते. काँप्टनला त्याच्या पुढे सात मोठी माणसं होती, त्यांच्या मागे ओढला गेला असं तरी म्हणता येईल. इथे बरोबर होती शाळेची पोरं, कधीच मागे राहिलेली. पुढे कुणी नाही, बाजूला कुणी नाही. तरी चार मिनिटांच्या आत. फक्त शाळकरी मुलांच्या शर्यतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

आणि २७ जून १९६५. सॅन डिएगो. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा. समोर पीटर स्नेल, टोकियोची दोन सुवर्णं गळ्यात असलेला. मैलाचा जागतिक विक्रमही त्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत त्याच्याच नावावर होता, मग फ्रान्सच्या मिशेल जाझीने तो मोडला. शेवटच्या शंभर यार्डांत स्नेल आला, येणारच होता. आणि नुकतीच बारावी झालेल्या मुलाने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. ३:५५.३. अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम. शालेय विक्रम म्हणून ही वेळ किती वर्षं टिकली असेल? छत्तीस! २७ मे २००१ ला ॲलन वेबने ३:५३.४३ पळून तो मोडला, तोवर ट्रॅक बदलले, बूट बदलले, आहार बदलला. विसाव्या शतकात अमेरिकेत शाळेत असताना चार मिनिटांच्या आत मैल पळलेली मुलं फक्त तीन. रायन, टिम डॅनियलसन आणि मार्टी लिकोरी.

एकोणिसाव्या वर्षी, १७ जुलै १९६६ ला, बर्कलीत जागतिक विक्रम, ३:५१.३. जाझीची वेळ दोन सेकंदांहून जास्त फरकाने मागे. कनिंगहॅमचा विक्रम १९३७ मध्ये गेल्यापासून मैलाचा विक्रम अमेरिकन माणसाकडे आलेला नव्हता. आला तो परत कॅन्ससलाच. पुढच्या वर्षी, २३ जून १९६७ ला बेकर्सफील्डमध्ये रायनने तो आणखी खाली आणला, ३:५१.१. हा आकडा १९७५ पर्यंत कुणाला हलला नाही.

त्या बेकर्सफील्डच्या शर्यतीत सातवा कोण आला माहीत आहे? मार्टी लिकोरी. शाळेत जाणारा मुलगा. वेळ ३:५९.८. काँप्टनला मोठ्यांच्या मागे आठवा आलेला मुलगा तीन वर्षांनी सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याच्या मागे ओढला जाऊन दुसरा एक शाळकरी मुलगा चार मिनिटांच्या आत येत होता. निकालाच्या कागदावर ही फक्त 'सातवा' अशी एक ओळ आहे.

इथवर गोष्ट गोड आहे. मला इथेच थांबून तुम्हाला 'हॅपी वीकांत' म्हणता आलं असतं. पण आजोबांनी थांबू दिलं नव्हतं, म्हणून मीही थांबत नाही.

दुसऱ्याने दिलेला विश्वास हा उसना असतो. तो घेतला की चालता येतं, पळता येतं, पण तो फेडावा लागतो. बसमध्ये सांगितलेला तो आकडा रायनने स्वतः कधी मागितला नव्हता. चार मिनिटं झाली, मग लोक विचारू लागले विक्रम कधी. विक्रम झाला, मग विचारू लागले पुढचा कधी. १९ वर्षांचा असताना 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. त्यानंतर तो दुसरा आला की बातमी व्हायची. १९६८ मध्ये तापाच्या एका चिवट आजारातून उठून तो मेक्सिकोला गेला, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर, आणि केनियाच्या किप केइनोच्या मागे रौप्यपदक मिळवलं. देशातल्या पुष्कळांना ते हरणं वाटलं. १९६९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मायामीला तो शर्यत चालू असताना मधेच ट्रॅक सोडून बाहेर निघून गेला. वय २२. पुढे परत आला, १९७२ मध्ये म्युनिकला प्राथमिक फेरीतच पडला, सुवर्ण कधीच मिळालं नाही.

त्या मायामीच्या दिवसाबद्दल वाचताना मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. एखाद्याला आकडा देणं हे चांगलं की वाईट? टिमन्सनी बसमध्ये काही बोललंच नसतं तर? मुलाला जाकीट मिळालं असतं, तो ४:१० ला खूश राहिला असता, २२ व्या वर्षी हजारो लोकांसमोर ट्रॅकवरून उतरावं लागलं नसतं. पण मग ३:५५.३ पण नाही, सॅन डिएगो नाही, काहीच नाही. माझं उत्तर असं आहे की आकडा द्यावा, पण देणाऱ्याने बसमधून उतरून निघून जाऊ नये. टिमन्स गेले नाहीत. रायन कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला तेव्हा तेच तिथे कोच होते. लॉरेन्स गावाच्या उत्तरेला टेकड्यांमधली एक शेतजमीन टिमन्सनी पुढे स्वतः विकत घेऊन तिथे क्रॉसकंट्रीचा मार्ग तयार केला, 'रिम रॉक फार्म', आणि नंतर ती विद्यापीठाला देऊन टाकली. मी एका रविवारी तिथे जाऊन आलो आहे. गवताळ चढउतार, वारा आणि विद्यापीठाच्या जुन्या धावपटूंच्या मोठ्या मोठ्या छायाकृती उभ्या केलेल्या. मी तो चढ चालत चढलो आणि वर जाऊन वाकून गुडघे धरले. टिमन्स २०१५ मध्ये गेले, ९१ वर्षांचे होऊन.

आता हे सगळं आत्ताच का आठवलं, ते सांगतो.

आमच्या हापिसात सध्या यादीचे दिवस आहेत. प्रत्येक टीमने एक नाव द्यायचं आहे. 'रिलीज' म्हणतात त्याला, शब्द कसा हलका आहे बघा. सोमवारी दुपारी मला मॅनेजरसमोर बसायचं आहे. एक्सेल शीट आलेली आहे, वर्षभराच्या सरासरीने सॉर्ट केलेली, आणि तळाला आमच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी आहे. मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून आलेली, दहा महिने झाले. मीटिंगमध्ये बोलत नाही. इंग्रजीत बोलायची वेळ आली की आधी वहीत वाक्य लिहून घेते, मी बघितलंय. पहिलं तिकीट बंद करायला तिला बारा दिवस लागले होते. तेच बारा दिवस अजून त्या सरासरीत बसून आहेत.

शनिवारी सकाळी मी तीच शीट घेतली आणि सॉर्ट काढून टाकून तिच्या तिकिटांचा महिन्यावार आलेख काढला. बारा दिवस, नऊ, पाच, चार, अडीच... गेल्या महिन्यात दीड. टीमची सरासरी आहे एक. परत उघडावी लागलेली तिकिटं गेल्या तीन महिन्यांत शून्य, जे माझ्यासकट टीममध्ये कुणाचंच नाही. नव्वद सेकंद गेलेले आहेत. यादीत मात्र ती शेवटची.

तिच्या वरच्या ओळीत जो आहे तोही माणूसच आहे, दोन वर्षांपूर्वी होता तिथेच आज आहे, आणि त्याच्या घरी लहान बाळ आहे. त्यामुळे सोमवारची मीटिंग सोपी नाही आणि मला कुणी शहाणपणा शिकवू नये. नाव कुणाचं जाईल ते शेवटी माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे की टेबलावर सॉर्ट केलेल्या यादीच्या शेजारी हा आलेख ठेवायचा, आणि तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही.

ती राहिली तर पुढचं काम अवघड आहे. तिला बोलवायचं आणि विशेषणं न वापरता सांगायचं. मी ठरवलेला आकडा असा: मार्चपर्यंत पेमेंटचं मॉड्यूल ती एकटी सांभाळेल. आज ते आम्ही तिघं मिळून सांभाळतो आणि तरी रात्री फोन येतात. ती म्हणेल, "सर, मला नाही जमणार." रायनलाही जमेलसं वाटलं नव्हतं. आणि मार्चमध्ये जमलं नाही तर चुकीचा ठरलेला आकडा माझा असेल, तिचा नाही, हेही त्याच वेळी सांगायचं. ते सांगायला विसरलं की मायामी होतं.

मंगळवार आणि गुरुवार, सकाळी साडेआठ ते साडेनऊ, दुसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम मी मार्चअखेरपर्यंत बुक करून ठेवली आहे. सोमवारचा निकाल लागायच्या आधीच. त्या वेळी तिथे कुणी फिरकत नाही, कॉफीचं मशीन पण नऊनंतर सुरू होतं, तेव्हा थर्मास घरून न्यावा लागेल.

असो. कळवतोच काय होतं ते.